हिमनदी: सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः शाळेतली मुलं आणि त्यांचे शिक्षक, हिमालयात ट्रेकला निघालेली मंडळी आणि ज्यांचं कुणी सियाचिनला ड्युटीवर आहे अशी घरं पाठवतात. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अवघड पुढे. खाली 'हिम' म्हणजे आकाशातून पडणारं भुसभुशीत आणि 'बर्फ' म्हणजे दाबून घट्ट झालेला, एवढा फरक लक्षात ठेवून वाचा.

१. हिमनदी म्हणजे गोठलेली नदीच ना?

नाही. हिवाळ्यात लडाखमधली झंस्कार नदी गोठते, लोक तिच्यावरून चालत जातात, पण ती हिमनदी नव्हे. हिमनदी नदीच्या पाण्यापासून बनत नाही, पडलेल्या हिमापासून बनते. वर्षानुवर्षं साठलेलं हिम स्वतःच्या वजनाखाली दबून त्याचा बर्फ होतो आणि तो बर्फ त्याच वजनानं उताराकडे सरकू लागतो. म्हणजे बर्फ जमिनीवर तयार झालेला हवा, उन्हाळा संपला तरी उरायला हवा आणि सरकायला हवा. यातली एक अट जरी चुकली तरी ती हिमनदी नाही. पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं याच अटींमधून निघतात.

२. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर बर्फ पडतो. मग तिथे हिमनदी का तयार होत नाही?

तिथे बर्फ 'पडत' नाही, दव गोठतं. आकाश निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन झपाट्यानं उष्णता सोडते. गवत, स्ट्रॉबेरीची पानं, गाड्यांचे टप हे आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त थंड होतात. त्यामुळे हवेचा पारा चार-पाच अंशांवर असतानाही वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या सखल भागात हिमकण दिसतात. ऊन आलं की संपलं.

आता हिशेब करून पाहा. महाबळेश्वरचं वर्षाचं सरासरी तापमान २० अंशांच्या आसपास आहे. वर जाताना हवा दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. सरासरी शून्यावर आणायची तर महाबळेश्वर आणखी तीन किलोमीटर वर, म्हणजे साडेचार हजार मीटरच्या आसपास न्यावं लागेल. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत सर्वांत उंच कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. पाऊस आपल्याकडे हवा तेवढा आहे, उंची नाही.

३. म्हणजे जिथे कडाक्याची थंडी तिथे हिमनदी असणारच?

तसंही नाही. पूर्व सायबेरियात थंडी भयानक, पण मैलोन्‌मैल मैदानात हिमनदी नाही, कारण हिमवर्षाव कमी आणि जे पडतं ते उन्हाळ्यात वितळून जातं. लेहला वर्षभरात सगळं मिळून १०० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं, त्यामुळे लडाखच्या डोंगररांगेतल्या हिमनद्या लहान आणि खूप उंचावर आहेत. याउलट किलिमांजारो विषुववृत्ताला लागून आहे, तरी ५,८९५ मीटर उंचीमुळे तिथे बर्फ टिकला. आता मात्र तो झपाट्यानं आटतो आहे. हिवाळ्यात किती पडलं यापेक्षा उन्हाळ्याच्या शेवटी किती उरलं, यावर सगळं ठरतं.

४. हिमाचा बर्फ नेमका कसा होतो? किती वर्षं लागतात?

नुकतंच पडलेलं कोरडं हिम फार हलकं असतं. एका घनमीटरचं वजन ५० ते १०० किलो भरतं, बाकी सगळी हवा. काही दिवसांत चांदण्यांसारख्या पाकळ्यांची टोकं झिजतात, कण गोल होतात आणि एकमेकांना चिकटून बसतात. हंगामाच्या शेवटी तेच हिम ३०० ते ४०० किलोपर्यंत पोचतं. एक उन्हाळा काढून उरलेल्या दाणेदार, घट्ट हिमाला फर्न म्हणतात. हातात घेतलं तर ते जाड मिठासारखं खरखरीत लागतं.

त्यावर दरवर्षी नवा थर चढतो आणि खालचे थर दबत जातात. वजन घनमीटरला सुमारे ८३० किलोवर पोचलं की कणांमधल्या फटींचा एकमेकांशी संबंध तुटतो आणि उरलेली हवा बुडबुड्यांत बंद होते. इथून पुढे तो हिमनदीचा बर्फ. शुद्ध बर्फ ९१७ किलोचा, त्याच्या वर वजन जवळजवळ वाढत नाही.

काळ मात्र जागेनुसार फार बदलतो. जिथे उन्हाळ्यात थोडं वितळतं आणि ते पाणी झिरपून पुन्हा गोठतं, तिथे काही वर्षांत किंवा एक-दोन दशकांत काम होतं. अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात वितळणं नाही आणि हिमही कमी, त्यामुळे तिथे बर्फ व्हायला दोन-अडीच हजार वर्षंही लागतात आणि तो १०० मीटरच्या आसपास खोलीवर तयार होतो. बुडबुड्यांत अडकलेली हवा त्या काळची असते. अंटार्क्टिकात 'डोम सी' इथे काढलेल्या बर्फाच्या गाभ्यातून आठ लाख वर्षांपूर्वीपर्यंतची हवा मोजता आली आहे.

५. बर्फ दगडासारखा टणक असतो. मग तो वाहतो कसा?

गुळाची ढेप पाहा. हातोडा घातला तर फुटते, पण पावसाळ्यात तशीच राहू दिली तर हळूहळू पसरत बसते. बर्फही झटक्यानं ताण दिला तर तडकतो, सावकाश आणि सतत दिला तर वाकतो, पसरतो. फरक एवढाच की गुळाला ओल लागते, बर्फाला स्वतःचं वजन पुरतं.

हे वाहणं मुख्यतः दोन तऱ्हांनी होतं. पहिली तऱ्हा आतल्या आत: बर्फाचे स्फटिक एकमेकांवरून सरकतात आणि स्वतःही वाकतात. १९५० च्या दशकात जॉन ग्लेन यांनी प्रयोगांतून याचा नियम मांडला. ताण दुप्पट झाला तर वाकण्याचा वेग दुप्पट नव्हे, साधारण आठपट होतो. म्हणून थोडीशी जास्त जाड हिमनदी पुष्कळ जास्त वेगानं चालते आणि पातळ झालेली एकदम मंदावते. बर्फ साधारण ३० मीटर जाड झाल्याशिवाय हे वाहणं फारसं जाणवत नाही.

दुसरी तऱ्हा तळावरून घसरण्याची. तळाशी पाणी असेल तर अख्खी हिमनदी खडकावरून सरकते. हे पाणी येतं जमिनीतल्या उष्णतेनं, घर्षणानं आणि उन्हाळ्यात वरून भेगांमधून. परीक्षेच्या गाइडमध्ये 'दाबामुळे बर्फ वितळतो' एवढंच लिहिलेलं असतं, ते अपुरं आहे. एक किलोमीटर जाड बर्फाखालीसुद्धा वितळणबिंदू एक अंशापेक्षा कमीच उतरतो. बर्फ आधीच शून्याच्या जवळ असेल तरच त्या दाबाचा उपयोग. तळ उणे १५ अंशांवर असेल तर हिमनदी खडकाला गोठून चिकटलेली राहते आणि फक्त पहिल्या तऱ्हेनं, म्हणजे फार हळू, चालते.

काठाला आणि तळाला घर्षण असतं, म्हणून मधला भाग काठांपेक्षा आणि वरचा भाग तळापेक्षा पुढे जातो. हे हातानं करून पाहायचं असेल तर प्रश्न १७.

६. वेग किती असतो? उभं राहून पाहिलं तर दिसतो का?

नुसत्या डोळ्यांना नाही. बहुतेक डोंगरी हिमनद्या वर्षाला काही मीटर ते शे-दोनशे मीटर चालतात. स्वित्झर्लंडमध्ये १८२७ साली हूगी या अभ्यासकानं उंटरआर हिमनदीवर एक खोपटं बांधलं. १८४० च्या सुमारास ते सुमारे १,४०० मीटर खाली सापडलं, म्हणजे वर्षाला शंभरएक मीटर.

ग्रीनलंडमधली याकोब्सहावन हिमनदी २०१२ च्या उन्हाळ्यात दिवसाला ४० मीटरहून अधिक वेगानं समुद्राकडे जात होती. काही हिमनद्या वर्षानुवर्षं जवळजवळ थांबून राहतात आणि मग तळाशी पाणी कोंडून एकदम धावतात. काराकोरममधली कुतिया हिमनदी १९५३ मध्ये तीन महिन्यांत १२ किलोमीटर पुढे आली.

७. वर ज्या भेगा असतात त्या तळापर्यंत जातात का?

सहसा नाही. वरचा वीस-तीस मीटरांचा बर्फ ठिसूळ असतो. खालचा बर्फ वाकतो, वरचा तडकतो. त्याखाली दाबामुळे भेग मिटत जाते, म्हणून डोंगरी हिमनदीत भेगा साधारण ३० ते ४० मीटर खोल असतात. उतार एकदम वाढतो तिथे त्या आडव्या पडतात, काठाजवळ तिरक्या. पाण्यानं भरलेली भेग मात्र अपवाद. पाण्याचं वजन तिला खाली फाडत नेतं आणि ती तळापर्यंत पोचू शकते.

ट्रेकर्ससाठी: खरा धोका उघड्या भेगेचा नाही, ताज्या हिमानं झाकलेल्या भेगेचा आहे. हिमाचा पूल पहाटे कडक असतो, दुपारी मऊ पडतो. हिम असलेल्या हिमनदीवर एकट्यानं जाऊ नये. तीन-चार जण एकमेकांत साधारण दहा मीटर अंतर ठेवून दोरीनं बांधलेले असावेत, दोरी जमिनीवर लोळू देऊ नये. दोरी लोळत असेल तर पडणारा माणूस तेवढा जास्त खोल जातो आणि झटक्यानं दुसऱ्यालाही ओढतो. हे वाचून येत नाही. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी बेसिक कोर्समध्ये प्रत्यक्ष हिमनदीवर शिकवतात.

८. 'गंगोत्री हिमनदी मागे हटतेय' म्हणजे ती डोंगर चढतेय का?

नाही. मागे हटणारी हिमनदीही रोज खालीच वाहत असते. वरून जितका बर्फ येतो त्यापेक्षा जास्त टोकाशी वितळला की टोकाची जागा मागे जाते, एवढाच त्याचा अर्थ. गंगोत्री सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. तिचं टोक, म्हणजे गोमुख, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्षाला साधारण २० मीटरच्या आसपास मागे गेलं.

फक्त टोकावरून मात्र निष्कर्ष काढू नका. लांब हिमनदीचं टोक आजच्या हवामानाला नव्हे, काही दशकांपूर्वीच्या जमाखर्चाला उत्तर देत असतं. दगडमातीखाली दडलेलं टोक जागेवर राहतं आणि बर्फ आतून पातळ होत जातो, असंही घडतं (प्रश्न ११). म्हणून जाडी मोजणं जास्त खात्रीचं.

९. किती बर्फ घटला हे मोजतात कसं?

वाफेच्या ड्रिलनं हिमनदीत खोल भोकं पाडून त्यात बांबू किंवा प्लॅस्टिकचे खांब रोवतात आणि वर किती उघडा राहिला ते लिहून ठेवतात. समजा ऑक्टोबरमध्ये ०.५ मीटर उघडा होता आणि पुढच्या सप्टेंबरअखेर २.१ मीटर निघाला. घटला १.६ मीटर बर्फ. त्याला ०.९ नं गुणलं की १.४४ मीटर पाणी. वरच्या भागात, जिथे साठा होतो, तिथे उलट काम: खड्डा खणून त्या वर्षीच्या हिमाची जाडी आणि वजन मोजायचं. दोन्हींची क्षेत्रफळानुसार बेरीज म्हणजे त्या वर्षाचा जमाखर्च. लाहौलमधल्या छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून हे काम चालू आहे.

चुका ठरलेल्या आहेत. लोखंडी खांब उन्हात तापून स्वतःभोवतीच बर्फ वितळवतो. उथळ रोवलेला खांब हंगाम संपायच्या आत आडवा पडतो आणि त्या जागेची नोंदच जाते. आणि त्या वर्षीच्या हिमाच्या जाडीला बर्फासारखं ०.९ नं गुणलं तर जमा दुपटी-तिपटीनं फुगते.

१०. मान्सूनमुळे हिमनद्यांचं नुकसान होतं का?

पश्चिमेकडे, काराकोरम-लाहौल भागात, बहुतेक हिम हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेमुळे, पडतं. मध्य आणि पूर्व हिमालयात मात्र आपल्या सह्याद्रीत पाथरपुंज-नवजाला कोसळतो तोच मान्सून पाच-सहा हजार मीटरवर हिम होऊन पडतो, म्हणजे तिथे पावसाळा हाच भरतीचा हंगाम. तापमान थोडं वाढून हिमाऐवजी पाऊस पडला तर मार दुहेरी बसतो. भर पडत नाही ती नाहीच, शिवाय ताजं हिम ८० टक्क्यांहून जास्त ऊन परतवतं ते पांघरूण गेल्यानं उघडा मळका बर्फ ऊन शोषून आणखी वितळतो.

११. गोमुखला गेलो तर नुसती माती आणि दगड दिसले. बर्फ कुठे गेला?

पायाखालीच होता. बाजूच्या कड्यांवरून पडलेले दगड हिमनदी वाहून आणते आणि खाली बर्फ वितळला की ते पृष्ठभागावर उरतात. दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा पातळ थर ऊन शोषून बर्फ लवकर वितळवतो, जाड थर उलट त्याला झाकून ठेवतो. टोकाच्या कमानीखाली उभं राहून फोटो काढू नका. तिथून ट्रकएवढे तुकडे सुटतात, तेही बहुधा दुपारी. वाटेतले नालेही सकाळी लवकर ओलांडा. दिवसभराचं वितळलेलं पाणी दुपारनंतर येतं आणि सकाळी घोट्याएवढा असलेला नाला संध्याकाळी मांडीपर्यंत चढतो.

१२. भाऊ सियाचिनला आहे. बातमीत 'हिमस्खलन' येतं. ते हिमनदीच कोसळते का?

दोन्ही वेगळे. हिमनदी वर्षाला मीटरांत चालते, हिमस्खलन काही सेकंदांत उतारावरून येतं. बहुतेक वेळा नव्या हिमाचा थर जुन्या थरावरून सुटतो. साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे, आणि मोठा हिमवर्षाव झाल्यानंतरचा एक-दीड दिवस सर्वांत वाईट. कधी बर्फाची भिंतच तुटते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम चौकीवरचे दहा जवान तशाच दुर्घटनेत गाडले गेले.

सियाचिन सुमारे ७६ किलोमीटर लांब आहे आणि तिच्या टोकातून नुब्रा नदी निघते. चौक्या बर्फावरच असतील तर तो सरकत असल्यामुळे तंबू आणि वाटा वेळोवेळी नव्यानं मांडाव्या लागतात.

१३. 'हिमनदी फुटली' असं टीव्हीवर सांगतात. हिमनदी फुटते का?

फुटतं ते सरोवर. हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधामागे (हिमोढ) पाणी साठतं आणि बांध फुटला की पूर येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक सरोवरात काठाचा हिमोढ कोसळला, लाट उठली, बांध फुटला आणि खाली चुंगथांगचं तीस्ता-३ धरण वाहून गेलं.

७ फेब्रुवारी २०२१ ची चमोलीची दुर्घटना मात्र वेगळी. तिथे सरोवर फुटलं नव्हतं. रोंती शिखराचा कडा तुटून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ खाली आला. त्यात खडक सुमारे ८० टक्के. पडताना झालेल्या घर्षणानं बर्फ वितळला आणि त्याचा चिखल-पूर झाला. फरक महत्त्वाचा आहे, कारण सरोवरावर नजर ठेवता येते, त्याची पातळी उतरवता येते. सुटणाऱ्या कड्याचं तसं करता येत नाही.

१४. कृष्णा-कोयनेत हिमनदीचं पाणी येतं का? आणि हिमनद्या संपल्या तर गंगा आटेल का?

कृष्णेत थेंबभरही नाही. ती पावसावर आणि झऱ्यांवर चालते. २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेलं, ते अतिवृष्टी आणि धरणांच्या विसर्गाचं होतं.

गंगेचं उत्तर जागेवर अवलंबून आहे. गोमुखाजवळ जवळपास सगळं वितळलेलं पाणी, पण मैदानात खाली जावं तसा पावसाचा आणि भूजलाचा वाटा वाढतो. म्हणून गंगा सगळी आटेल हे खरं नाही. एप्रिल-मेमध्ये वरच्या खोऱ्यांतलं पाणी कमी होईल हे खरं आहे. सिंधू खोरं वितळलेल्या पाण्यावर गंगेपेक्षा पुष्कळ जास्त अवलंबून आहे.

१५. कासचं पठार किंवा ओढ्यांतले गोल दगड हे जुन्या हिमनदीचं काम आहे का?

नाही. आपली पठारं सपाट आहेत ती लाव्हाच्या आडव्या थरांमुळे आणि वरच्या जांभ्यामुळे. गोल दगड बेसाल्ट कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यानं झिजल्यामुळे आणि ओढ्याच्या पाण्यात घासल्यामुळे होतात. हिमनदीनं आणलेल्या दगडांवर सपाट घासलेले पैलू आणि समांतर ओरखडे असतात, आणि एकाच ढिगात पिठासारखी माती ते खोलीएवढा धोंडा असं सगळं मिसळलेलं असतं.

महाराष्ट्रात हिमनदीच्या खुणा खरोखर पाहायच्या तर चंद्रपूर जिल्ह्यात जा. इरईजवळ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे भारत दक्षिण ध्रुवाकडे असतानाचे, बर्फानं ओरखडलेले खडक आहेत. आपल्याकडचा लाव्हा त्यामानानं अगदी अलीकडचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्याकडे हिमनदीच्या खुणा असल्याच तर त्या लाव्हाखाली गाडलेल्या असतील.

१६. परीक्षेत भूरूपं ओळखताना गोंधळ होतो. लक्षात कसं ठेवावं?

आधी विचारा: हे झिजून झालं की साचून? हिमगव्हर (डोंगराच्या कुशीतला वाटीसारखा खळगा), गिरिशृंग (सगळीकडून झिजून टोकदार झालेलं शिखर), लोंबती दरी (मुख्य दरीच्या वर अधांतरी राहिलेली बाजूची दरी), मेषशिला (बर्फानं घासलेला खडकाचा उंचवटा) आणि 'यू' आकाराची दरी ही झिजेची. सगळे हिमोढ साचलेले. मध्य हिमोढ दोन हिमनद्या मिळाल्याशिवाय होत नाही, हे हमखास विचारतात. मेषशिलेची गुळगुळीत बाजू बर्फ ज्या दिशेनं आला तिकडची, तुटकी बाजू पुढची.

१७. वर्गात हिमनदी वाहताना दाखवता येईल का?

येईल. एक वाटी पांढरा गोंद (फेव्हिकॉलसारखा) पाऊण वाटी कोमट पाण्यात ढवळा. दुसऱ्या भांड्यात अर्धी वाटी कोमट पाण्यात दीड चहाचा चमचा टाकणखार विरघळवा. दुसरं मिश्रण पहिल्यात थोडं-थोडं घालत मळा, गोळा हाताला चिकटेनासा झाला की थांबा. सगळंच ओतलं तर गोळा रबरासारखा होतो आणि वाहतच नाही.

उभा चिरलेला पीव्हीसी पाइप दोन पुस्तकांवर तिरपा ठेवा, वरच्या टोकाला गोळा लावा आणि त्यावर स्केचपेननं आडवी सरळ रेघ मारा. रेघ मधे फुगून धनुष्यासारखी होते, हाच प्रश्न ५ मधला मुद्दा. मग एका पाइपला आतून वाळू चिकटवा, दुसऱ्याला पाणी लावा आणि वेग ताडून पाहा. टाकणखार तोंडात जाऊ देऊ नका, नंतर हात धुवा.

१८. लडाखमधले बर्फाचे स्तूप या कृत्रिम हिमनद्याच का?

उपयोगी आहेत, पण हिमनद्या नाहीत. हिवाळ्यात वाया जाणारं पाणी गोठवून एप्रिल-मेच्या पेरणीला वापरायचं, ही ती योजना. तो बर्फ हिमापासून झालेला नाही, सरकत नाही आणि उन्हाळ्यात संपावा हाच हेतू असतो.

१९. १९६८ मध्ये पडलेल्या विमानातल्या जवानांचे देह इतक्या वर्षांनी कसे सापडतात?

हवाई दलाचं एएन-१२ विमान ७ फेब्रुवारी १९६८ रोजी १०२ जणांसह हिमाचलच्या लाहौल भागात कोसळलं. अवशेष प्रथम २००३ मध्ये दिसले, २०२४ मध्येही चार देह मिळाले. हिमनदीच्या वरच्या भागात पडलेली वस्तू दरवर्षीच्या हिमाखाली गाडली जाते, बर्फासोबत खाली येते आणि वितळण्याच्या भागात पृष्ठभागावर निघते. किती वर्षांनी, हे ती किती वर पडली आणि बर्फ किती वेगानं चालतो यावर ठरतं.

२०. हिमनदी 'मेली' असं कधी म्हणतात? बर्फ शिल्लक असूनही?

हो, असूनही. बर्फ इतका पातळ झाला की स्वतःच्या वजनानं सरकत नाही, तेव्हा ती हिमनदी राहत नाही. आइसलँडमधली ओक ही २०१४ मध्ये याच कारणानं यादीतून काढली गेली आणि २०१९ मध्ये तिथे स्मरणफलक बसवला.

उलटा अपवादही आहे. मोठ्या हिमनदीचं टोक मुख्य प्रवाहापासून तुटून दगडमातीखाली पडून राहतं. ते सरकत नाही, पण झाकलेलं असल्यामुळे अनेक दशकं टिकतं. आतून वितळताना वरची जमीन खचते, खळगे पडतात, त्यांत तळी होतात. हिमालयात हिमोढावर मुक्काम टाकताना जमिनीला ताज्या भेगा किंवा तळ्याच्या काठाला कोसळलेली ओली माती दिसली तर खाली अजून बर्फ आहे असं धरा आणि तंबू दुसरीकडे लावा.